स्तनातल्या गळूचा पू रात्री कोणी काढायचा? रेडिओलॉजीच्या रेसिडेंटला हे शिकवायलाच हवं

मालवा_रेडिओ (धागाकर्ती), इंदूर
एमडी रेडिओलॉजीच्या ३ वर्षांत ब्रेस्ट इमेजिंग म्हणजे मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि कॅन्सर, एवढंच रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या, डोक्यात बसतं. रात्रीच्या ड्युटीसाठी आपण त्याला डोक्याचा सीटी, अपेंडिक्स, अपघात हे सगळं घोटून शिकवतो. स्तन मात्र 'सकाळच्या ओपीडीचा विषय'. आणि मग रात्री एकला महू, सांवेर किंवा देपालपूरहून बाळंतीण येते. अंगात सणसणून ताप, एक बाजू लाल, दगडासारखी, हात लावू देत नाही. बाळंतपणातलं हे गळू बहुधा पहिल्या ६ आठवड्यांत होतं, आणि आपल्याकडे सव्वा महिना ती घराबाहेर पडत नाही. दूध साकळलंय म्हणून शेक चालू असतो. येते तेव्हा आत पू झालेला असतो.

सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की काळसर पोकळी दिसते, आत करडे कण. हलकं दाबलं आणि कण हलले की पू पातळ आहे, ओढता येईल. तेवढ्या जागेपुरती भूल द्यायची, १८ नंबरची सुई घालायची, पू ओढायचा, सलाइनने पोकळी धुवायची. साधारण ३ सेंमीपर्यंतच्या गळूला बहुतेकदा एवढं पुरतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचं आणि उरलेला पू काढायचा. बाळाला अंगावर पाजणं चालू राहतं. रात्रीच्या ड्युटीवर एकटं बसण्याआधी प्रत्येक रेसिडेंटने सिनियरच्या देखरेखीखाली हे केलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

रामबागचा_सर्जन
ताई, गळूला रात्री एकलाच सुई घातली पाहिजे असं कुठे आहे? अँटिबायोटिक आणि वेदनाशामक सुरू करा, सकाळी अनुभवी हात येतील. पोकळीत कप्पे असले तर नवखा एकच रिकामा करतो आणि काम झालं असं समजतो. कातडी पातळ, चकचकीत झाली असेल तर चिराच लागतो, तिथे सुईचा हट्ट नको.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष
सरांशी सहमत, पण कारण वेगळं. रात्री मी एकटा असतो. सीटीबाहेर ट्रॉल्या लागलेल्या असताना अर्धा तास एका प्रोसिजरला कुठून आणू? शिकायची तयारी आहे, माणूस वाढवून द्या.

मालवा_रेडिओ
माणूस वाढवा, शंभर टक्के. पण सर, सकाळपर्यंत कोणतं थांबेल आणि कोणतं नाही, हे ठरवणारा रात्री तोच असतो. लाली तासातासाला पसरतेय, पेशंट खालावतेय, कातडीखाली हवा दिसतेय, तर ते साधं गळू नाही. नेक्रोटायझिंग फॅसायटिस (कातडीखालचे थर झपाट्याने कुजवणारा संसर्ग) धरून थेट ऑपरेशन थिएटर. बायोप्सीनंतर स्तन फुगत चालला असेल तर आधी घट्ट दाब, मग डॉप्लरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) रक्तस्राव चालू आहे का ते बघणं. बायपासवरच्या अपघातात सीटबेल्टने स्तनातली धमनी फुटू शकते. छातीच्या सीटीत फासळ्या मोजताना स्तनाकडे कोण बघतं?

मल्हारगंजची_आजी
मी डॉक्टर नाही. आमच्या सुनेला एका दवाखान्यातून रात्री परत पाठवलं, सोनोग्राफीवाले सकाळी येतील म्हणून. सकाळी चिरा दिला. पुढे कितीतरी दिवस त्या जखमेतून दूध झिरपत होतं, शेवटी पाजणं सुटलं. सून अजून त्यावर बोलत नाही.

रामबागचा_सर्जन
आजी, वाईट वाटलं. चिऱ्यानंतर असं दूध झिरपू शकतं, हे खरं. पण रात्री सुई घातली असती तर चिरा टळलाच असता, असं मला छातीठोक सांगता येणार नाही.

कॅन्सर_ओपीडी
माझी हरकत याहून मोठी आहे. रेसिडेंट पू काढेल, रिपोर्टवर 'गळू' लिहील आणि बाई घरी जाईल. लाल, सुजलेला स्तन म्हणजे इन्फ्लमेटरी कॅन्सरही असू शकतो. आपल्याकडे क्षय आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसही (स्तनाची कॅन्सर नसलेली, रेंगाळणारी सूज) हुबेहूब असेच दिसतात. अर्धवट शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं.

मालवा_रेडिओ
नाही पटत. न शिकवल्याने ती बाई काही यायची थांबत नाही, फक्त तिला बघणारा अडाणी राहतो. पूर्ण शिकवू या. पू कल्चरला (कोणते जंतू आहेत ते बघायला) जाणारच, शंका असेल तर क्षयाच्या तपासणीलाही. आणि रिपोर्टमध्ये एक वाक्य सक्तीचं: अँटिबायोटिकने आठवडा-दोन आठवड्यांत उतरलं नाही तर बायोप्सी. सुईचा सराव आधी कोंबडीच्या मांसात ऑलिव्ह खुपसून होतो. त्याला महागडं सिम्युलेटर लागत नाही.

कॅन्सर_ओपीडी
वाक्य चांगलं आहे. पण दोन आठवड्यांनी तिला फोन कोण करणार? आधी ते नाव ठरवा, मग मी तुमच्या बाजूने.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष
मॅडम, पू दाट असेल, सुईतून येतच नसेल तर?

मालवा_रेडिओ
जाड सुई घ्या, थोडं सलाइन सोडून पातळ होतो का बघा. तरी नाही आला तर तिथेच थांबा आणि डॉप्लर लावा. मधोमध रक्तप्रवाह दिसला तर तो पू नाही, भरीव गाठ किंवा सुजलेला भाग आहे. सर्जनला कळवा आणि बायोप्सीसाठी नाव लिहा.