थर्मोस्टॅट बिघडला तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

चांदणचुरा:
काल शेजाऱ्यांकडे हीटिंग बंद पडलं आणि मला आमचा तो हिवाळा आठवला. लेक तान्ही, थर्मोस्टॅटच्या (तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारं भिंतीवरचं यंत्र) स्क्रीनवर २१ अंश दिसतंय आणि घरात हुडहुडी भरलेली. रात्रभर दोघांनी आळीपाळीने तिला कुशीत घेतलं. सकाळी टेक्निशियनने थर्मोस्टॅट भिंतीवरून काढला तर मागे वायरींसाठी पाडलेलं भोक उघडंच! भिंतीतून गरम पाण्याचा पाइप गेलेला, तिथली ऊब थेट सेन्सरला, म्हणजे त्याच्या लेखी घर गरम. भोक बुजवलं, काम झालं. तुमचेही अनुभव लिहा, कुणाच्या तरी कामी येतील.

निवांत:
आधी सेल बदला!! स्क्रीन कोरी असेल तर बाकी सगळं नंतर.

गारवेल:
आमच्यात सेलच नाहीत, वायफायवाला आहे, आज सकाळपासून कोरा. आई ७८ वर्षांच्या आहेत, काळजी वाटतेय

खटपट्या:
गारवेल ताई, मग त्याला वीज फर्नेसकडून (घर तापवणारी भट्टी) येते, २४ व्होल्ट. ब्रेकर बघा, आणि फर्नेसचं झाकण नीट बसलंय का बघा, त्यामागे एक स्विच असतो, झाकण जरा सैल असलं तरी सगळं बंद. तेही ठीक असेल तर आत बोर्डवरचा छोटा फ्यूज उडालेला असू शकतो. वायरींना हात लावण्याआधी ब्रेकर पाडायचाच. आणि बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी बसवलेले विजेचे) असतील तर भिंतीतच १२० नाहीतर २४० व्होल्ट असतात, तिथे इलेक्ट्रिशियनच बोलवा, प्लीज.

मी_आपली:
चांदणचुरा, लेक आता केवढी झाली गं?

चांदणचुरा:
कॉलेजला! थंडी पडली की अजून फोन करून विचारते, घर गरम आहे ना 😊

पाऊलवाट:
आमच्याकडे फर्नेस सुरू व्हायची, जरा वेळाने बंद, परत सुरू. सगळे थर्मोस्टॅट बदला म्हणत होते, नवा आणला, तरी तेच. शेवटी फिल्टर काढला तर धुळीने नुसता कोंदलेला, राखाडी गोधडीच. हवा पुढे सरकत नाही, फर्नेस आत तापते आणि लिमिट स्विच तिला बंद पाडतो. फिल्टर आधी बघा लोकहो.

रानवारा:
सासऱ्यांकडे अजून जुना गोल, पाऱ्याचा आहे. रंगाऱ्याने काढून परत लावताना तिरका बसला, तेव्हापासून तापमान चुकायचं, कारण पारा कलण्यावरच तो चालू-बंद होतो. लेव्हल लावून सरळ केला. असला काढलात तर कचऱ्यात टाकू नका, पारा विषारी.

गारवेल:
झाकणच होतं!! काल फिल्टर बदलायला आले होते त्यांनी अर्धवट लावलेलं. स्क्रीन आली, आईंच्या खोलीत ऊब यायला लागलीय. खटपट्या दादा, खूप खूप आभार 🙏

मी_आपली:
बरं झालं गं. आणि कुणीही गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म लावाच.

निवांत:
मुलगा सारखी बटणं दाबतो, लॉक कसं करायचं?

खटपट्या:
मॉडेल सांगा, सेटिंग्जमध्ये बहुतेक असतं