सीपी: मुलीला स्टेम सेल करावं का? सोमवारपर्यंत कळवायचंय

विटेकर_७९ (शुक्रवार, रात्री ११:४०)
मुलीला सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्यानं हातापायांवर ताबा नसणं) आहे. मुंबईत एका ठिकाणी दाखवलं, त्यांनी स्टेम सेल करा म्हणून सांगितलं. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करून त्याच दिवशी पाठीतून मणक्याच्या पाण्यात सोडतात. पाच-सहा दिवस ॲडमिट. एका वेळचे पावणेतीन लाख, असं तीन वेळा. सोमवारपर्यंत पन्नास हजार भरले तर तीस हजार कमी करू म्हणालेत.
ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, फरक पडला का. फिजिओ चालू आहे, तो सल्ला नको. "धीर धरा" पण नको, चार वर्षं तेच ऐकतोय.

तिरफळ
दादा, मुलगी चार वर्षांची का? बसते का? मान धरते का? जीएमएफसीएस (हालचालीच्या पाच पातळ्या, पहिली सगळ्यात सौम्य) कितवी पातळी सांगितलीय? फिट येतात का? एमआरआय झालाय का? माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, डायप्लेजिया (मुख्यतः दोन्ही पाय ताठ), म्हणून विचारते. सीपी म्हटलं की कुणी वर्गात धावत असतं आणि कुणाला कुशीवर वळवावं लागतं. उत्तर एकच कसं असेल?

विटेकर_७९
सगळं फाईलमध्ये आहे, त्या डॉक्टरांनी बघितलंय. माझा प्रश्न साधा आहे. केलंय का कुणी?

खडूस_काका
फाईल तुमच्या कपाटात आहे, आम्हाला कशी दिसणार. आणि सोमवारपर्यंत सूट? आषाढात साड्यांना असते तशी? मणक्यात सुई घालायची आहे ना?

गव्हला
आमच्या नणंदेच्या मुलाला क्षीरबला तेलाचा मसाज आणि बस्ती वर्षभर केली, अंग खूप मोकळं झालं. आधी ते करून बघा, मग लाखांचं बोला. सांगलीला चांगले वैद्य आहेत.

प्राणवायू_प्रेमी
स्टेम सेलपेक्षा एचबीओटी करा. प्रेशरच्या चेंबरमध्ये ऑक्सिजन. ४० सिटिंग. माझ्या भाच्याची नजर स्थिर झाली, हसायला लागला. सुई नाही, भूल नाही.

हातपाय_फिजिओ
लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात, सतरा वर्षं.
प्राणवायू_प्रेमी, तुमच्या भाच्याचं चांगलं झालं, आनंद आहे. पण एचबीओटीची कॅनडात नीट चाचणी झाली होती, २००१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. १११ मुलं. अर्ध्यांना ऑक्सिजन, अर्ध्यांना किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गट सुधारले, जवळपास सारखेच. म्हणजे गुण ऑक्सिजनचा नव्हता.
गव्हला, मसाजने मुलाला बरं वाटतं, झोप लागते, जरूर करा. ताठरपणा मेंदूतून येतो, तेल तिथे पोचत नाही.
विटेकर, तुमच्यासाठी. मेंदूतल्या गेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी जाऊन बसतात, असं चित्र या पॅकेजांत दाखवतात. संशोधकही आता तसं म्हणत नाहीत. सोडलेल्या पेशींतून काही रसायनं झिरपतात, त्याने सूज कमी होऊन उरलेल्या मेंदूला मदत होत असावी, असा अंदाज आहे. आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नियमावली स्पष्ट आहे: रक्ताचे आजार सोडले तर स्टेम सेल हा प्रयोग आहे, तो नोंदणी केलेल्या चाचणीतच करायचा आणि त्यात भाग घेणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्यांना एवढंच विचारा, सीटीआरआयचा (देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? चाचणी असेल तर बिल कसलं?

प्राणवायू_प्रेमी
लॅन्सेटवाल्यांनी माझा भाचा पाहिला होता का? तुमचा धंदा फिजिओचा, तुम्ही असंच बोलणार.

हातपाय_फिजिओ
एचबीओटीनंतरही मुलं फिजिओलाच येतात हो, धंदा बुडत नाही माझा.

कॅरीतली_काकू
नमस्कार, मी नॉर्थ कॅरोलिनात असते, ड्यूक विद्यापीठ इथून जवळ. तिथे नाळेच्या रक्ताची चाचणी झाली, २०१७ ला निकाल आला. ६३ मुलं, १ ते ६ वर्षांची, स्वतःच्याच जन्मावेळी साठवलेल्या नाळरक्तातल्या पेशी शिरेतून दिल्या. वर्षानंतर सरासरीने फरक दिसला नाही, पण ज्यांना पेशींचा डोस जास्त मिळाला ती मुलं अपेक्षेपेक्षा पुढे गेली. म्हणजे दार बंद नाही. तुम्ही नाळेचं रक्त साठवलं होतं का?

विटेकर_७९
काकू, एनआयसीयूत पोर जगतीय का मरतीय ही गत होती, नाळ कोण साठवतंय.

मोगरा_८८
आम्ही साठवलंय!! पंच्याहत्तर हजार घेतले, ईएमआयवर. आता दरवर्षी एजंटचा फोन येतो, प्लॅन वाढवा म्हणून. मुलगी ठणठणीत आहे. हे पैसे वाया गेले का?

खडूस_काका
विमा काढून माणूस मेला नाही तर पैसे वाया गेले का? पण हा विमाही नाही, लॉटरी आहे. वेगळा धागा काढा बाई.

हिशेबनीस
विटेकर साहेब, ८०डीडी (घरात अपंग व्यक्ती असेल तर इन्कम टॅक्समध्ये मिळणारी वजावट) घेताय ना? ४० टक्के अपंगत्व असेल तर ७५ हजार, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख वजावट, खर्च कितीही झालेला असो. फक्त जुन्या करप्रणालीत. शिवाय नॅशनल ट्रस्टची निरामय योजना, सीपीला वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, ओपीडीतल्या थेरपीचाही काही भाग मिळतो. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलंय का?

विटेकर_७९ (शनिवार, दुपारी)
शेतकरी आहे, इन्कम टॅक्स नाही. कार्ड आहे. निरामय माहीत नव्हतं, बघतो.
बरं, सांगतो सगळं म्हणजे प्रश्न थांबतील. वय ४ वर्षं २ महिने. ३१ व्या आठवड्यात झाली, १३०० ग्रॅम. ३८ दिवस काचेत. एमआरआयवर पीव्हीएल लिहिलंय, म्हणजे मेंदूतल्या पांढऱ्या भागाला इजा. मान धरते, टेकून बसते, स्वतःहून नाही. पाय कात्रीसारखे होतात. बोलते थोडं, समजतं सगळं, मोबाईलचा पासवर्ड माहिताय तिला. पातळी ४ लिहिलीय. फिट दीड वर्ष नव्हती, मागच्या महिन्यात तापात एकदा आली, सिरप चालू आहे. विट्यात आठवड्यातनं तीनदा फिजिओ. डावा पाय फाकवला की रडते, लंगोट बदलताना तर जास्तच, पण तिची आजी म्हणते लाडावलीय.
आता सांगा.

तिरफळ
मागच्या महिन्यात फिट आलीय आणि तरी "ॲडमिट व्हा" म्हणाले? ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) मागितला का त्यांनी?

हातपाय_फिजिओ
विटेकर, स्टेम सेल बाजूला ठेवा दोन मिनिटं. डावा पाय फाकवल्यावर रडते, किती दिवसांपासून? खुब्याचा एक्स-रे कधी काढला होता?

विटेकर_७९
दिवाळीच्या आसपास चालू झालं असेल. खुब्याचा एक्स-रे कधी काढला नाही. कुणी सांगितलाच नाही. का?

हातपाय_फिजिओ
ऐका. मांडीच्या आतले स्नायू सतत ओढत राहिले की वाढत्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर सरकतो. उभं राहून वजन पडत नाही म्हणून खोबणही उथळ राहते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात यावर मोठी पाहणी झाली: पहिल्या पातळीच्या एकाही मुलाचा खुबा सरकला नव्हता, चौथ्या पातळीवर दहातल्या सात जणांचा. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून मूल रडायची वाट न बघता ठरावीक महिन्यांनी एक्स-रे काढायचा असतो. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सीपी मुलांचे असे काढतात, तिथे निखळलेले खुबे जवळपास संपले.
तुमची रडतेय. हे लाड नाहीत.
सोमवारी पैसे भरायला जाऊ नका, मिरजेला जा. लहान मुलांची हाडं बघणारा ऑर्थोपेडिक गाठा. दोन्ही खुब्यांचा समोरून एक्स-रे, पाय सरळ, गुडघ्याच्या वाट्या वर. तंत्रज्ञ घाईत असतात, पाय वाकडे ठेवून काढलेली फिल्म फसवते. मायग्रेशन पर्सेंटेज, म्हणजे गोळा किती टक्के खोबणीबाहेर आलाय, ते मोजून लिहायला सांगा. ३० च्या वर असेल तर हलायचं.

गव्हला
एक्स-रेने लहान मुलांना कॅन्सर होतो असं वाचलं.

खडूस_काका
गव्हला, तेल लावा आणि गप बसा.

तिरफळ
काका, असं बोलू नका. आपणही घाबरून काय काय वाचलंय.
दादा, आमचा क्रम सांगते, प्रत्येकाचा वेगळा असतो हे धरून. साडेतीनला पिंढऱ्यांत बोटॉक्स (ताठ स्नायू सैल करणारं इंजेक्शन), त्याचा गुण तीन-चार महिने टिकतो, तेवढ्यात प्लास्टर आणि एएफओ (घोट्याला आधार देणारी पट्टी) लावून स्नायू लांब करून घ्यायचे. नुसतं इंजेक्शन देऊन घरी आणलं तर पैसे पाण्यात. नवव्या वर्षी एकदाच भूल देऊन तीन-चार ठिकाणची ऑपरेशनं, त्यानंतर वर्षभर घाम. आता वॉकरने शाळेच्या गेटपर्यंत जातो. हे पहिल्या भेटीत कुणी सांगितलं नव्हतं, मीही सहाव्या वर्षी स्टेम सेलच्या सेमिनारला जाऊन बसले होते. व्हिडिओ बघून रडले. घरी येऊन हिशेब केला, त्यांच्या पॅकेजमध्ये रोज चार तास थेरपी होती. चार तास थेरपी दिली तर माझाही मुलगा व्हिडिओत येईल.

कॅरीतली_काकू
इथे एसडीआर करतात, मणक्यातल्या काही नसा निवडून कापतात, ताठरपणा कायमचा जातो. ते का नाही सुचवत कुणी?

हातपाय_फिजिओ
ते मुख्यतः चालणाऱ्या, दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या डायप्लेजियाच्या मुलांसाठी, पायांत जोर असावा लागतो. चौथ्या पातळीवर सहसा बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध), बोटॉक्स, गरज पडली तर तेच औषध मणक्यात सोडणारा पंप. पण आधी खुबा.

विटेकर_७९ (अकरा दिवसांनी)
मिरजेला जाऊन आलो. डावा ४२, उजवा २४. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात, आणखी वर्षभर थांबला असतात तर अवघड होतं. मांडीचे स्नायू सैल करायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात, नंतर सहा-सहा महिन्यांनी एक्स-रे, हाडाचं कदाचित पुढे लागेल. फिटसाठी ईईजी झाला, सिरप वाढवलं.
मुंबईच्या ठिकाणी नोंदणी क्रमांक विचारला. म्हणाले तुमच्यासारख्या पालकांना विज्ञान समजत नाही. टोकन दहा हजार आधीच दिले होते, हे इथं लिहिलं नव्हतं. परत देत नाहीत म्हणतायत.
आजीला एक्स-रे दाखवला. दोन दिवस बोलली नाही, आता लंगोट स्वतः बदलते, सावकाश.
ऑपरेशननंतर पाय फाकवून प्लास्टर, काही आठवडे. मिरज ते विटा कसं आणायचं? माझ्याकडं मोटरसायकल आहे.

खडूस_काका
टोकनाची पावती असेल तर ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) अर्ज करा. पावती आहे ना?

तिरफळ
मोटरसायकल नाही दादा!! एसटीही नाही. मोठी गाडी सांगा, मागची सीट पूर्ण मोकळी. प्लास्टरसकट ती आडवी किती रुंद होते ते दवाखान्यातच टेपने मोजा, मग गाडीचं दार मोजा. आमची रिक्षा दारातनंच परत गेली होती. दोन उशा, एक गोधडी, आणि लंगोट एरवीपेक्षा लहान मापाचे घ्या, प्लास्टरच्या आत खोचावे लागतात. आणि मोबाईल पूर्ण चार्ज करून ठेवा, पासवर्ड तिला माहीतच आहे.