वडिलांना पार्किन्सन, मी जीन टेस्ट करून घ्यावी का?

शिरोळचा_ऊसवाला: नमस्कार मंडळी. वडील ६८ वर्षांचे. उजवा हात कापतो, चाल मंदावलीय. न्यूरोलॉजिस्टनी पार्किन्सन सांगितलं. आयुष्यभर उसात हुमणीला क्लोरोपायरीफॉसची आळवणी, तणावर पॅराक्वाट, सगळं उघड्या हातानं. चुलते त्याच पंपानं फवारायचे, ते ठणठणीत. आता पंप माझ्या पाठीवर. एक लॅबवाला म्हणतोय, 'विष पचवायची ताकद' सांगणारी जीन टेस्ट करा. करावी का?

बायोकेमवाली: दादा, चुलत्यांचं कोडं पूर्ण सुटत नाही, पण थोडं सांगते. क्लोरोपायरीफॉस पोटात किंवा कातडीतून गेलं की यकृत आधी त्याचं जास्त विषारी ऑक्सॉन करून ठेवतं (आपलंच यकृत, बघा!). ते तोडतं रक्तातलं पॉन१ हे एन्झाइम. एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; त्यात ५५व्या जागी कुणाला ल्युसीन हे आम्ल असतं, कुणाला मेथिओनीन. आईवडील दोघांकडून मेथिओनीन आलं की एन्झाइम कमी पडतं. कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यात अशा लोकांचा ऑर्गनोफॉस्फेटशी (क्लोरोपायरीफॉस याच गटातलं) संबंध आला, तिथं पार्किन्सनचा धोका वाढलेला दिसला. पण जीन सारखी असूनही दोघांच्या रक्तातलं पॉन१ बरंच कमीजास्त असतं. म्हणून रिपोर्ट हा अंदाजच. आणि पॅराक्वाटशी पॉन१चं काही देणंघेणं नाही. तिथं जीएसटीटी१ बघतात, काहींच्यात ती जीनच नसते.

गंगावेस_कट्टा: लई शास्त्र झालं ताई. भावा, रिपोर्ट चांगला आला तर हातमोजे काढून फवारणार काय? आणि वाईट आला तर ऊस सोडणार?

शिरोळचा_ऊसवाला: तेच तर! पण पुण्याचा भाऊ ऐकत नाही.

बायोकेमवाली: घरात आणखी कुणाला हा आजार असेल, किंवा पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल, तर न्यूरोलॉजिस्टना जेनेटिक सल्ल्याचं विचारा. त्यात जीबीए, एलआरआरके२ या जीन बघतात, ती टेस्ट वेगळी. तुमच्या लॅबवाल्याची नको.

खोडवा_किंग: आधी पंपाचं झाकण बघ. वायसर गेला असला की वाकल्यावर द्रावण पाठीवरून कमरेत उतरतं, आणि आपण घाम समजून दिवसभर त्याच बनियनवर. बाटलीतलं औषध मापताना तर हातमोजे पाहिजेतच, तिथं ते सगळ्यात कडक असतं. ते कपडे पोरांच्या कपड्यात धुवायला टाकू नको.

शिरोळचा_ऊसवाला: वायसर गेलेलाच आहे. 😐 हातमोजे कुठले घेऊ?

खोडवा_किंग: नायट्राइलचे, लांब बाह्यांचे. मार्केट यार्डाकडं विचार. कापडी घेऊ नको, ते औषध पिऊन बसतात.