शब्दचर्चा : आटे गेले, आटे मारले

प्रश्न
स्कूटरच्या गिअरबॉक्सचं तेल बदललं. ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायच्या भोकाचा बोल्ट, परत आवळताना तो घट्टच होईना, नुसता फिरत राहिला. गॅरेजवाले काका वाकून बघत म्हणाले, "आटे गेले. आता नवे आटे मारायला लागतील." गाडीबरोबरच्या मराठी पुस्तिकेत मात्र "धागा खराब होईल, प्लग जास्त आवळू नका" असं छापलंय. यातला बरोबर शब्द कोणता? मळसूत्र म्हणजेच आटे का? आणि आटे "मारायचे" कसे?

प्रतिसाद
आटेच. "धागा" वाचून कुणाही मराठी माणसाला सुई-दोराच आठवेल. इंग्रजी "थ्रेड"चा शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून पुस्तिकेत टाकला की असं होतं, आणि याचा मला खरंच राग येतो, कारण चांगला शब्द प्रत्येक गॅरेजमध्ये रोज बोलला जातोय. मळसूत्र म्हणजे तो वळत जाणारा आकार किंवा अख्खा स्क्रू. त्यावरचे उंचवटे ते आटे. बोल्टला ते बाहेरून असतात, भोकाला आतून.
"मारणे"चं म्हणाल तर रंग मारतो, शिलाई मारतो, तसेच आटे मारतो. लिहिताना मी "आटे पाडणे" वापरतो.

प्रतिसाद
मी लेथवर काम करतो. आमच्याकडे तीन गोष्टी वेगळ्या बोलतात. "आटे घासले" म्हणजे झिजलेत, पण अजून पकडतात. "आटे खाल्ले" म्हणजे बोल्ट वाकडा चढला आणि त्याने भोकातले आटे कापले. "आटे गेले" म्हणजे पकडायला काही उरलंच नाही. तुमचं तिसरं.
केसिंग अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडी, त्यामुळे मऊ बाजू हरते. बहुतेक वेळा तेल ठिबकतं म्हणून लोक आणखी आवळतात. या सरळ आट्यांच्या प्लगला तेल अडवतो तो वायसर, म्हणजे प्लगखालची चकती, आटे त्याला फक्त दाबून धरतात. ठिबकलं तर वायसर नवा टाका, पान्यावर जोर नको.
दुरुस्तीचेही शब्द वेगळे. "ओव्हरसाइज करणे" म्हणजे भोक वाढवून जाड प्लग. "बुश टाकणे" म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी बसवणे. "कॉइल टाकणे" म्हणजे स्टीलच्या तारेची स्प्रिंग. ८ मिमीच्या प्लगला कॉइल टाकायची तर ८.३चं ड्रिल, मग कॉइलचाच खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. टॅपला ग्रीस फासा म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. कॉइल बसली की तिची शेपटी तोडून बाहेर काढा, ती गिअरमध्ये पडता कामा नये. शेवटी थोडं स्वस्त तेल ओतून आत राहिलेला कीस धुऊन काढा.

प्रतिसाद
मुंबईत "चुडी गेली" जास्त ऐकू येतं. ते हिंदीतून आलंय, चूडी म्हणजे बांगडी. एकावर एक बांगड्या, चित्र छान आहे. पण माझ्या वडिलांच्या तोंडी आटेच असायचे, मीही तेच बोलते.
एक शंका. इंग्रजीत बोल्टवरचा थ्रेड बऱ्याचदा एकवचनी असतो, आपण मात्र अनेकवचनीच बोलतो. असं का?

प्रतिसाद (प्रश्नकर्ता)
ताई, यावर मला काल हातात धरता येईल असं काहीतरी मिळालं. प्लग काढला तेव्हा त्याच्या खाचेत अॅल्युमिनियमची एक तार गुंडाळलेली होती. टाचणीने सोडवली तर अखंड निघाली, पाच वेढ्यांची, चकचकीत, पेनातल्या स्प्रिंगसारखी. म्हणजे गेलेले "आटे" मुळात एकच होते. पण काका सांगत होते, "आधी हाताने चार आटे चढव, मग पाना लाव." बोटाला तर फेरेच कळतात. मला वाटतं आपण रेघ मोजत नाही, वेढे मोजतो, म्हणून आटे.
कॉइल आज बसवली. ती हातात घेतली तर कालच्या तारेसारखीच दिसली, फक्त स्टीलची. प्लगने सहा आटे धरलेत, खालचा कागद अजून कोरडा आहे.