जन्मापासून अधू असलेला डावा हात आता दुखून राहिला आहे, अंगठ्याजवळचं मांस उडतं. कुणाला अनुभव आहे का?

महालची_शिलाई

नमस्कार. मी ३७ वर्षांची, नागपूरला महालात राहते, घरीच ब्लाउज शिवते. जन्माच्या वेळी माझं वजन सव्वाचार किलो होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. ओढताना मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. अर्ब्स पाल्सी म्हणतात त्याला. माझ्या वरच्या नसांना जास्त मार होता, खालच्यांना थोडा. आईने वर्षभर तेल लावून हात हलवला म्हणून कोपर वाकायला लागलं. खांद्याच्या वर हात आजही जात नाही, तळवा पूर्ण वर वळत नाही. वेणी घालायला मोठी बहीण यायची.

याची मला सवय आहे. शिलाईत डाव्या हाताचं काम कापड सरकवायचं, ते मी बोटांनी नाही तर मनगटाच्या बाजूने दाबून करते. १८ वर्षं तसंच केलं.

पण दिवाळीपासून हात दुखून राहिला आहे. कोपराखाली बाहेरच्या बाजूला जड, ठणकल्यासारखं. रात्री कधी कधी खांद्यापासून अंगठ्यापर्यंत चटका जातो, करंट लागल्यासारखा. आणि दंडातलं, तसंच अंगठ्याच्या बुडाशी असलेलं मांस आपोआप उडतं. हात मांडीवर शांत ठेवून पाहिला, तर कातडीखाली मासोळी वळवळल्यासारखं दिसतं. पाच-दहा सेकंद चालतं, थांबतं, पुन्हा सुरू. सासूबाई म्हणाल्या, बाईचा डावा हात लवला तर शुभ असतं. त्या प्रेमानेच म्हणाल्या, पण मला रात्रभर झोप नाही. मोबाईलवर पाहिलं तर भलत्याच भयंकर आजारांची नावं आली.

थंडी पडली की जास्त होतं. परवा सकाळी अस्तर कापताना डाव्या हाताखालून कापड दोनदा निसटलं, गळा वाकडा गेला. गिऱ्हाईकाचं कापड होतं, भरून द्यावं लागलं.

एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हाताला हातही लावला नाही, जन्माचं आहे, आता काही होत नाही म्हणाले आणि दुखण्याची गोळी लिहून दिली. गोळीने चटका थांबत नाही. आता उजव्या हाताची बोटंही रात्री मुंग्या येऊन बधिर होतात. तो हात गेला तर माझ्याजवळ काहीच राहणार नाही. खरंच काही होत नाही का?

अमरावतीचा_काका

ताई, माझं वय ५६, उजवा हात, तुमच्यासारखाच जन्मापासूनचा. चाळिशीच्या आत मलाही काही नव्हतं. नंतर सुरू झालं.

मला न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी समजावलं ते सांगतो. तुटलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि वाढताना नसेतली प्रत्येक तार जुन्याच स्नायूपर्यंत पोचते असं नाही. काही तारा भलत्या स्नायूत शिरतात. शिवाय ज्या थोड्या तारा वाचल्या, त्या आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त स्नायू सांभाळतात. अशा स्नायूत मांस उडणं, गोळे येणं जुनंच असतं. माझा दंड जांभई दिली तरी आखडतो. कोपर सरळ करायला गेलो की वाकवणारा स्नायूही सोबत ओढतो, दोघांची झुंज लागते. त्या झुंजीनेच हात थकतो.

साधी दुखण्याची गोळी नसेच्या चटक्यावर चालत नाही, हे तुमचं बरोबर आहे. त्याची औषधं वेगळी असतात. मला रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत दिलं. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी गुंगी राहते, पण चटका अर्ध्यावर आला. मनाने घेऊ नका, तुम्हाला मशीनवर बसायचं असतं. आणि दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, किडनीवर जातं.

फिजिओ_धंतोली

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात पाहिल्याशिवाय निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगणं गरजेचं वाटतं.

नुसतं मांस उडणं आणि ताकद तेवढीच असणं, हे जुन्या नसेच्या दुखापतीत नेहमी दिसतं. झोप कमी, चहा जास्त, बी१२ कमी असलं तर वाढतं. ते रक्तातून तपासून घ्या, थायरॉइडही. पण ताकद आधीपेक्षा कमी होत असेल, हात आणखी बारीक दिसत असेल, वस्तू नव्याने हातून पडत असतील, पायात किंवा बोलण्यात फरक वाटत असेल, तर थांबू नका. तुमचं कापड निसटलं ते दुखण्यामुळे की ताकद गेल्यामुळे, हे कुणीतरी मोजूनच सांगायला हवं. त्यासाठी एनसीव्ही आणि ईएमजी टेस्ट असते. आधी हातावर छोटे झटके देतात, मग बारीक सुई स्नायूत घालून पाहतात. मेडिकल नाहीतर मेयो, या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत चौकशी करा. मानेचंही पाहायला सांगा. वाकून वाकून मानेतली नस नव्याने दबली असेल, तर जुन्या दुखण्याच्या नावाखाली ते झाकून जातं.

उजव्या हाताच्या अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतच मुंग्या येतात का? तसं असेल तर मनगटात नस दबल्याची शक्यता मोठी. दोन हातांचं काम एका हातावर पडलं की असं होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावतात, सुरुवातीला त्यानेच पुष्कळांना आराम पडतो.

आणखी एक. शेक घेत असाल तर आधी उजव्या हाताने गरम किती ते पाहा. डाव्या हाताला स्पर्श कमी कळत असेल तर चटका बसेल आणि कळणारही नाही. रबराचा चेंडू दाबायचा व्यायाम कुणी सांगितला तर सध्या करू नका, थकलेल्या स्नायूला आणखी थकवू नये.

पाच_महिन्यांची_आई

तुमचं वाचून रडू आलं. माझ्या बाळाला हेच आहे. बोटं हलवतो, पण कोपर अजून वाकवत नाही. घरचे म्हणतात वर्षात आपोआप येईल.

फिजिओ_धंतोली

बहुतेक बाळांचा हात आपोआप सुधारतो, हे खरं. पण तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकायला लागलं नाही तर नसांच्या सर्जनला दाखवायचंच असतं. नसांचं ऑपरेशन लागलंच तर ते साधारण पहिल्या नऊ महिन्यांत करतात, कारण फार उशीर झाला की स्नायू नस स्वीकारत नाही. वर्षाची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा.

महालची_शिलाई

तीन आठवड्यांनी लिहून राहिली आहे, टेस्ट होईपर्यंत काय सांगू कळत नव्हतं.

टेस्ट झाली. सुई दंडात गेली तेव्हा मशीनमधून खडखड आवाज आला, कढईत मोहरी तडतडते तसा. डॉक्टरांनी तो मला नीट ऐकवला. म्हणाल्या, हे तुमचे जुने, मोठे झालेले स्नायूचे गट आहेत, नवीन नुकसान दिसत नाही. ३७ वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या हाताबद्दल माझ्याशी बोललं. उजव्या मनगटात मात्र नस दबली आहे, हे खरं निघालं. बी१२ सुद्धा कमी आलं, त्याची इंजेक्शनं सुरू आहेत.

रात्री उजव्या हाताला पट्टा लावते. मुंग्यांनी उठायची ती आता आठवड्यातून एखाद्या वेळेस. डाव्या हातासाठी रात्रीची गोळी दिली आहे, चटका कमी आहे. ठणका अजून आहे.

काम बदललं ते असं. कापायचा टेबल विटा लावून चार बोटं उंच केला. मशीनजवळ डाव्या कोपराखाली फोमची छोटी उशी ठेवते, म्हणजे हाताचं वजन खांद्यावर लोंबत नाही. दंड तेव्हा उडत नाही, हे मी रोज पाहून राहिली आहे. एक बाही झाली की उठते. दिवसाला चारऐवजी तीनच ब्लाउज घेते. लग्नसराईत ते जड जाईल, पण घेणार तीनच.

बाळाच्या आईला सांगायचं आहे. माझ्या आईला तेव्हा कुणी नऊ महिन्यांचं सांगितलंच नाही. तुम्ही सर्जनकडे जाऊन आलात का? गाडीची, राहण्याची काही अडचण असेल तर इथेच लिहा, महालात माझं घर आहे.