'सॉर्सरर' : इतके कष्ट घेऊन केलेला रिमेक का पडला?

अबोली_क
परवा आमच्या फिल्म क्लबात विल्यम फ्रीडकिनचा 'सॉर्सरर' (१९७७) दाखवला. कोसळत्या पावसात, कुजक्या फळ्यांच्या झुलत्या पुलावरून चौघं स्फोटकं भरलेले ट्रक नेतात तो प्रसंग संपेपर्यंत हॉलमध्ये कुणी हललं नाही. नंतरच्या चर्चेत कळलं की हा क्लूझोच्या 'वेजेस ऑफ फिअर' (१९५३) या फ्रेंच चित्रपटाचा रिमेक आहे आणि तो साफ आपटला होता. 'फ्रेंच कनेक्शन' आणि 'एक्झॉर्सिस्ट' लागोपाठ गाजवणारा दिग्दर्शक, युनिव्हर्सल आणि पॅरामाउंट अशा दोन स्टुडिओंचा पैसा, मग लोकांनी पाठ का फिरवली? तो पूल खरा होता का? आणि आता मूळ चित्रपट पाहिला तर मजा येईल का? (त्याचा शेवट सांगू नका, प्लीज.)

तिसरी_घंटा
स्टार वॉर्स! तो आला २५ मे १९७७ ला, 'सॉर्सरर' २४ जूनला. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरचं बुकिंग आधीच झालेलं, म्हणून तिथला स्टार वॉर्स उतरवून हा लावला. चालला नाही. ऑगस्टमध्ये त्याच पडद्यावर स्टार वॉर्स परत. खर्च सुमारे २ कोटी २० लाख डॉलर, जगभरची कमाई १ कोटीच्या आत.

घाटरस्ता
तारखा बरोबर आहेत, पण सगळं खापर स्टार वॉर्सवर फोडणं मला पटत नाही. दुखणं त्याच्या बरंच आधीचं आहे.

नायक म्हणून फ्रीडकिनला स्टीव्ह मॅक्वीन हवा होता. त्याला पटकथा फार आवडली. फक्त बायकोला, म्हणजे अ‍ॅली मॅकग्रॉला, सोडून इतके दिवस परदेशात राहायची त्याची तयारी नव्हती. तिला एखादी भूमिका द्या, निर्मितीत नाव द्या किंवा शूटिंग अमेरिकेत करा, असं त्याचं म्हणणं. फ्रीडकिनने तिन्हीला नकार दिला आणि त्याचा त्याला पुढे आयुष्यभर पस्तावा झाला. मॅक्वीन गेला तसे मास्त्रोयानी आणि लिनो व्हेंच्युरा हे युरोपातले नावाजलेले नटही गळाले. मग 'जॉज'मुळे नाव झालेला रॉय शायडर आला. सोबतचे ब्रूनो क्रेमर, फ्रान्सिस्को राबाल, अमिदू हे तिघं उत्तम नट, पण अमेरिकेतल्या प्रेक्षकाला अनोळखी. त्यात 'सॉर्सरर' हे नाव! 'एक्झॉर्सिस्ट'वाल्याचा नवा सिनेमा म्हटल्यावर लोक भुताखेताच्या अपेक्षेने आले असणार. प्रत्यक्षात ते एका ट्रकचं नाव. वर सुरुवातीचा बराच वेळ इंग्रजी संवादच नाहीत.

आता पूल. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, उमेदीची वर्षं कोकणातल्या घाटांत गेली, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो. पूल खरा बांधलेला होता. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चा कलादिग्दर्शक जॉन बॉक्स याने तो आखला. आत हायड्रॉलिक यंत्रणा लपवलेली, म्हणजे पूल हवा तेव्हा आणि हवा तितकाच कलंडवता येईल. पहिला बांधला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, सुमारे १० लाख डॉलर घालून. पूल तयार झाला आणि नदी आटली. मग सगळा पसारा उचलून मेक्सिकोत, तुक्स्तेपेकजवळ पापालोआपान नदीवर. तिथेही पाणी उतरायला लागलं. शेवटी पंप लावून पाणी खेळवलं, पाऊसही कृत्रिम. त्या बारा-एक मिनिटांवर ३० लाखांच्या आसपास डॉलर गेले. ट्रक नदीत कोसळले ते वेगळंच. झुलत्या पुलावर वजन उभं खाली जातं तोवर दोर ते पेलतो, भीती असते आडव्या हेलकाव्याची. कॅमेरा तो हेलकावाच टिपतो. दोराला पडणारा ताण मला खुर्चीत बसून जाणवला, इतकं ते अचूक आहे.

आणि गंमत म्हणजे हा पूल मूळ चित्रपटात नाहीच. तिथे वळणावर लाकडी फलाट आहे. तिथे वाटेत दरड आडवी येते, इथे अजस्र झाड. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्फोटकांचा बदल. क्लूझोकडे कंपनी थेट नायट्रोग्लिसरीनचे, म्हणजे हादऱ्यानेही उडणाऱ्या द्रव स्फोटकाचे, डबे ट्रकवर चढवते. फ्रीडकिनकडे डायनामाइटची जुनी खोकी आहेत. आम्ही सुरुंगाची कामं करताना हे शिकलो होतो: नायट्रोवाल्या कांड्या उष्ण हवेत तशाच पडून राहिल्या तर नायट्रो पाझरून तळाशी साचतं, म्हणून खोकी वेळच्या वेळी उलटी करावी लागतात. चित्रपटात ती कुणी उलटली नाहीत. बस्स, एवढ्या एका हलगर्जीपणातून चार माणसांचा जीव टांगणीला लागतो. रिमेक करावा तर असा. गोष्टीचा सांगाडा तोच, पण संकट का आलं याचा विचार नव्याने केलेला.

अबोली_क
घाटरस्ता काका, मनापासून आभार! ते खोक्यांचं मी पाहिलं होतं, अर्थ आज कळला.

मावळतीचा_खेळ
काकांशी थोडा वाद घालते. मला क्लूझोचाच श्रेष्ठ वाटतो. त्यातली माणसं त्या गावात कशी अडकून कुजत चालली आहेत हे तो सावकाश दाखवतो, म्हणून पुढची भीती अंगावर येते. फ्रीडकिन प्रत्येकाचा पूर्वेतिहास व्हेराक्रूझ, जेरुसलेम, पॅरिस, न्यू जर्सी असा फिरवून सांगतो, त्यात गावाला जागाच उरत नाही. आणि हाल क्लूझोचेही झाले. दक्षिण अमेरिकेची गोष्ट त्याने दक्षिण फ्रान्समध्ये उभी केली. तिथे इतका पाऊस झाला की शूटिंग अर्ध्यावर थांबवून पुढच्या वर्षी पुरं करावं लागलं. कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार आणि बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळालं ते त्यानंतर.

घाटरस्ता
गावाबद्दलचं म्हणणं मान्य. मूळ चित्रपटातल्या मोंताँ आणि व्हॅनेल या दोन नटांमध्ये जे घडतं त्याला रिमेकमध्ये तोड नाही. पण पूर्वेतिहासाचे ते चार तुकडे मला हवेसे वाटतात. चौघांनीही काहीतरी भयंकर केलेलं आहे, त्यामुळे पुढे त्यांची कीव करायची की नाही हे आपल्यालाच ठरवावं लागतं. फ्रीडकिनने आधी क्लूझोला भेटून संमती घेतली होती आणि चित्रपट त्यालाच अर्पण केला. क्लूझो जानेवारी १९७७ मध्ये गेला, प्रदर्शनाच्या काही महिने आधी.

संगीताकडेही लक्ष द्या. टँजरिन ड्रीम या जर्मन बँडने ते चित्रपट न पाहता, नुसती पटकथा वाचून केलं होतं.

तिसरी_घंटा
मी उत्तर फार घाईत उरकलं होतं, भर घालतो. पडल्यावरही हाल संपले नाहीत. अमेरिकेबाहेर वितरकाने दिग्दर्शकाला न विचारता जवळपास अर्धा तास छाटून दाखवला. पुढे चित्रपटाचे हक्क नेमके कुणाकडे हेच कुणी सांगेना, तेव्हा २०१२ मध्ये फ्रीडकिनने दोन्ही स्टुडिओंवर दावा ठोकला. २०१३ ला व्हेनिसमध्ये नवी प्रत दाखवली गेली आणि त्याच महोत्सवात त्याला जीवनगौरव मिळाला. २०२३ मध्ये तो गेला, पण हे पाहून गेला.

घाटरस्ता
अबोली, मूळ चित्रपट जरूर पाहा, पूल आणि झाड तिथे नसल्यामुळे मजा जाणार नाही. कुणाला 'सॉर्सरर' दाखवाल तेव्हा मात्र प्रत तपासा. लांबी १२१ मिनिटं आणि सुरुवात व्हेराक्रूझमधल्या खुनाने असेल तर पूर्ण प्रत. थेट गावातून सुरू झाला तर बंद करा आणि दुसरी शोधा.