कापून आणलेल्या तुकड्यांची गोधडी: कापणं म्हणजे खरंच वेळ वाया घालवणं?

वाकळवाली (महाल)
परवा एका ताईंनी लिहिलं की त्या आता कापड कापतच नाहीत, जेली रोल (अडीच इंची कापलेल्या पट्ट्यांची गुंडाळी) नाहीतर चार्म पॅक (पाच इंची चौकोनी तुकड्यांचा गठ्ठा) मागवतात आणि थेट मशीनवर बसतात. इथपर्यंत ठीक. पण पुढे लिहिलं, "कापत बसणाऱ्या बायकांची कीव येते, निव्वळ वेळेचा अपव्यय". दोन दिवस गप्प बसली, पण डोक्यातून जाऊनच नाही राहिलं म्हणून लिहून राहिली आहे.

माझी आई जुनं लुगडं आधी उन्हात धरून पाहायची, कुठे विरलं, कुठे अजून जीव आहे. विरलेलं आतल्या थरात, धड असलेलं वर, काठ कडेला. मग दातानं चीर द्यायची आणि टर्रकन फाडायची, धाग्याला धागा सरळ. अर्धी गोधडी तिथेच ठरायची. उभा धागा कोणता, आडवा कोणता हे हाताला तेव्हाच कळतं. रोलमधली अडीच इंची पट्टी थानाच्या रुंदीत कापलेली असते, म्हणजे पट्टीच्या लांबीत आडवा धागा येतो आणि तो जास्त ताणतो. चाळीस पट्ट्या एकाच बाजूने शिवत गेलं की वरचा थर केळ्यासारखा वाकतो. एक शिवण इकडून, एक तिकडून घ्यावी लागते. ज्यांनी कधी कापलंच नाही त्यांना हे कळत नाही आणि मग त्या मशीनला नावं ठेवतात.

रविवारची शिवण (मनीषनगर)
ताई, कीव हा शब्द चुकीचाच होता, मान्य. पण तुम्ही आईच्या दुपारी मोजून राहिल्या आणि मी माझे रविवार मोजते. मिहानला नोकरी, सकाळी आठला घर सोडायचं, महिन्यातून दोन रविवार हाताशी. माझं कापड दीड वर्ष कपाटात पडून होतं कारण चांगल्या कापडाला कात्री लावायची भीतीच वाटायची, वाकडं गेलं तर? पाच इंची पॅक आणला आणि त्याच संध्याकाळी नऊ चौकोन जोडून झाले.

आणि खरी गोष्ट रंगांची आहे. नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारात ठोकवाला पाव मीटर फाडून देतो का? चाळीस प्रिंट पाहिजेत तर एकेक मीटर धरून चाळीस मीटर कापड घरात, ठेवू कुठे? पॅकमध्ये बेचाळीस तुकडे, सगळे एकमेकांना शोभणारे, कोणीतरी डोकं लावून काढलेले.

मोजपट्टी
बेचाळीस तुकड्यांचं कौतुक करताय तर हिशोब पण करा. पाच इंचातून दोन्हीकडची पाव-पाव इंच शिवण गेली की साडेचार उरतात. सहा बाय सात लावले तर 27 बाय साडे31 इंच. हे दुपटं झालं, गोधडी नाही. माणसाला पुरेल अशी 60 बाय 90 करायची तर सात पॅक लागतात. आणि पॅकमधल्या तुकड्यांच्या त्या करवतीसारख्या दातेरी कडा! टोकापासून मोजायचं की खाचेपासून, कोणी सांगत नाही. माझे चौकोन एका ओळीत अर्धा इंच कमी भरले, सगळी ओळ उसवली.

दुखरा अंगठा (प्रतापनगर)
मला दोन्ही अंगठ्यांना संधिवात आहे. कात्री धरवत नाही, गोल पात्याचा कटर दाबवत नाही. शिवणं मात्र जमतं कारण मशीन पायाची आहे. मुलीने पट्ट्यांचा रोल पाठवला नसता तर मी चार वर्षांपूर्वीच हे सगळं बांधून ठेवलं असतं. वाकळवाली ताई, "ज्यांनी कधी कापलंच नाही" हे वाक्य मला लागलं. मी तीस वर्षं कापलं आहे.

निळाई
ते सगळं सोडा, रंग जाण्याचं काय ते बोला. मीटरचं कापड आपण आधी धुवून घेतो, पॅक धुवायचा कसा? पट्ट्या मशीनमध्ये टाकल्या तर दोऱ्यांचा गुंता होऊन बाहेर येतो. भाचीच्या बारशाला लाल-पांढरी गोधडी शिवली, पहिल्याच धुण्यात सगळं पांढरं गुलाबी. वहिनी काही बोलली नाही पण ती गोधडी मला परत कधी दिसली नाही.

सुमनकाकू
मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं बाई, चिमूटभर तुरटी. रंग बसतो. आमच्या घरी सगळ्या साड्यांना हेच करतात.

मागावरचा (गोळीबार चौक)
काकू, नाही बसत. आमच्या घरी माग होते, सूत घरीच रंगवायचे. मीठ रंगवतानाच भांड्यात घालतात, रंग पाण्यातून सुतात शिरावा म्हणून. एकदा रंगवून बाजारात आलेल्या कापडातला सुटा रंग मिठाने पक्का होत नाही. सुटा रंग काढूनच टाकावा लागतो, गरम पाणी आणि साबण, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

सुमनकाकू
म्हणजे माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं केलं ते सगळं खोटं? त्यांच्या साड्या शेवटपर्यंत लालभडक होत्या. दोन भांडी रंगवली म्हणून सगळ्यांना शिकवायला निघाले.

मागावरचा
सासूबाईंना काही बोललो नाही. साडी पक्क्या रंगाची असेल तर मीठ घाला नाहीतर घालू नका, ती लालच राहणार. दोन भांडी नाही काकू, बापाचे हात मनगटापर्यंत निळे असायचे, तसेच गेले. म्हणून बोललो.

सुमनकाकू
बरं. वडिलांबद्दल मला माहीत नव्हतं. पण तुरटीचं मी सोडणार नाही.

निळाई
दादा, मग पॅकचं काय करू ते सांगा ना.

मागावरचा
गडद तुकडे, लाल, निळे, काळे, वेगळे काढा. प्रत्येकाचा कोपरा गरम पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून धरा. डाग आला तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी लावू नका. आणि धुतलेली गोधडी ओली गोळा करून बादलीत ठेवू नका, जास्त रंग तिथेच लागतो. लागलाच तर वाळू देऊ नका, भरपूर गरम साबणपाण्यात परत बुडवा.

रविवारची शिवण
मूळ मुद्द्यावर येते. वाकळवाली ताई, आपल्या आज्या शिंप्याकडून कातरण आणायच्या, खरं ना? ते कापड कोणी कापलं होतं? शिंप्यानंच ना? मग कापून आलेल्या तुकड्यांची गोधडी ही काही अमेरिकेतून आलेली गोष्ट नाही. आणि तुमच्या आईनेसुद्धा कापलं नाही, फाडलं.

वाकळवाली
शब्दात पकडू नका. कातरण काखेच्या आकाराची यायची, कॉलरच्या आकाराची यायची, ती कशी बसवायची ते बाईला ठरवावं लागायचं. पॅकमध्ये सगळं ठरवून येतं. आणि ते कापड कोणाच्या अंगावरचं नसतं. माझ्या गोधडीत बाबांच्या खाकी पॅंटचा तुकडा आहे, एम्प्रेस मिलच्या कापडाचा, ती मिल गेली, बाबा गेले, तुकडा आहे. तो कोणता पॅक देणार?

रविवारची शिवण
कोणताच नाही देणार. पण ताई, माझ्या सासरी-माहेरी कोणाचं जुनं कापड उरलंच नाही, आई गेली तेव्हा सगळं वाटून टाकलं होतं. मला नव्या कापडापासूनच सुरुवात करावी लागली.

वाकळवाली
हे आधी सांगायचं होतं.
अंगठ्यावाल्या ताई, तुम्हाला उद्देशून नव्हतं, तरी ते वाक्य मागे घेते. चाळीस रंगांचंही मान्य करते, गांधीबागेत पाव मीटर मिळत नाही, मीच भांडून आली आहे. पण वेळेचा अपव्यय हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. रविवारवाल्या, एखादी जुनी सुती चादर असेल तर कडेला अर्ध्या इंचाची चीर द्या आणि दोन्ही हातांनी ओढा. सरळ फाटते. कात्रीची भीती तिथे जाईल.

मोजपट्टी
माझ्या करवती कडांचं कोणीच बोललं नाही.

दुखरा अंगठा
प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. शिवण्याआधी एक तुकडा फुटपट्टीवर ठेवायचा, पाच इंच टोकावर भरतात की खाचेत ते पाहायचं आणि तो सगळा पॅक त्याच हिशोबाने शिवायचा. दोन कंपन्यांचे पॅक मिसळले असतील तर तुमची ओळ तिथेच कमी भरली असणार.